यादृच्छिक चल द्विपद आहे हे नेमकं ओळखायचं कसं?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी संख्याशास्त्र पहिल्यापासून शिकायला घेतलंय, केवळ हौसेखातर. द्विपद चलाच्या, म्हणजे ठरलेल्या खेपांत यश किती वेळा येतं त्या संख्येच्या, सूत्रात आकडे घालून उत्तर काढणं जमतं. घोडं अडतं ते त्याच्या आधी: हे सूत्र इथे लावायचं की नाही?

चार अटी तोंडपाठ आहेत. खेपा किती (एन) ते आधीच ठरलेलं, प्रत्येक खेपेला दोनच निकाल, यशाची संभाव्यता (पी) दर वेळी तीच, आणि खेपा एकमेकींपासून स्वतंत्र. तरीही काल एका सरावसंचात सहापैकी तीन चुकले. ते तीन असे:

१. फासा १० वेळा टाकला. सहा किती वेळा पडला? मी लिहिलं 'द्विपद नाही', कारण फाशाला सहा निकाल. उत्तर: आहे.

२. ५२ पत्त्यांतून ५ पाने एकामागून एक काढली, परत न ठेवता. त्यांत बदाम किती? मी लिहिलं 'आहे'. उत्तर: नाही, कारण 'पी बदलतो'.

३. 'जोड्या लावा'चा प्रश्न, ५ जोड्या. काहीच येत नसलेल्या विद्यार्थ्याने अंदाजपंचे जोडल्या, उजवीकडचा प्रत्येक पर्याय एकदाच वापरून. बरोबर जोड्या किती? मी एन = ५, पी = १/५ धरून 'आहे' लिहिलं. उत्तर: नाही. खाली कारण एका ओळीत, 'खेपा स्वतंत्र नाहीत', आणि पुढचा प्रश्न सुरू.

पहिलं आता कळलंय असं वाटतं. दुसरं कळल्यासारखं वाटतं, म्हणजे बहुधा कळलेलं नाही. तिसऱ्याने तर डोकं उठवलंय.

वाचनमात्र

शाळेत 'जोड्या लावा' मी याच पद्धतीने सोडवायचो. त्यामागे एवढं गणित होतं हे आज कळलं. वाचनखूण साठवली आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

जुना_खडू

पाटीताई, तिन्ही प्रश्न छान निवडलेत (म्हणजे छान चुकलेत). मी शिकवायचो तेव्हा याच तीन जागी निम्मा वर्ग अडकायचा.

पहिलं पटकन उरकतो. 'दोनच निकाल' ही अट फाशाची नाही, तुमच्या मोजण्याची आहे. फाशाला सहा बाजू असोत की वीस, तुम्ही 'सहा पडला / नाही पडला' एवढंच टिपता ना? मग निकाल दोनच. त्याच १० टाकांची बेरीज विचारली असती तर तो चल द्विपद नसता, कारण तेव्हा प्रत्येक टाक १ ते ६ पैकी काहीतरी भर घालतो. फासा तोच, हात तोच, वितरण वेगळं. म्हणून प्रश्न वाचताना पहिल्यांदा वस्तूकडे न बघता 'एक्स म्हणजे कशाची संख्या?' हे वहीत पूर्ण वाक्यात लिहायचं. 'इतक्या खेपांपैकी अमुक किती वेळा घडलं' असं वाक्य जमलं नाही तर तिथेच थांबा.

याला जोडूनच एक फसवा प्रकार: बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १, एकूण १० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, सगळे अंदाजाने सोडवले. मिळालेले गुण द्विपद आहेत का? नाहीत, ते उणे १० ते ४० असे पाचाच्या उड्या मारत जातात. पण बरोबर उत्तरांची संख्या एक्स द्विपद आहे, आणि गुण म्हणजे ५ × एक्स − १०. म्हणजे चल द्विपद नाही, तरी काम द्विपदानेच होतं.

आता जोड्या. तुमचं अर्धं अगदी बरोबर आहे. प्रत्येक जोडी बरोबर असण्याची संभाव्यता खरोखरच १/५ आहे, पाचही जोड्यांसाठी. एन ठरलेला, निकाल दोन, पी तोच. चारपैकी तीन अटी पुऱ्या. पण एक विचारतो: नेमक्या चार जोड्या बरोबर येण्याची संभाव्यता किती?

शून्य. चार बरोबर लागल्या की उरलेला पर्याय आपोआप पाचव्या जागी जाऊन बसतो. द्विपद वितरणात ० पासून एनपर्यंतची प्रत्येक संख्या शक्य असावी लागते (पी ० किंवा १ असेल तरच अपवाद). इथे मधलीच एक गायब आहे. एवढ्यावरच द्विपद बाद.

किती फरक पडतो तोही बघा. पाच पर्याय मांडण्याच्या १२० तऱ्हा. त्यांत एकही बरोबर नाही अशा ४४, एक बरोबर ४५, दोन बरोबर २०, तीन बरोबर १०, चार बरोबर ०, पाचही बरोबर १. म्हणजे पैकीच्या पैकी मिळण्याची संभाव्यता १/१२०. द्विपद लावलं असतं तर १/५ चा पाचवा घात, म्हणजे १/३१२५. तब्बल २६ पटींचा फरक, आणि सरासरी मात्र दोन्हीकडे १ च! सरासरी जुळली म्हणून वितरण जुळलं असं होत नाही.

अवांतर: हा प्रश्न जुना आहे. पिएर द मॉन्मोर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ मध्ये तो पत्त्यांच्या खेळाच्या रूपात मांडला होता.

उलटतपासणी

खडू सर, जोड्यांचं पटलं. पण मग पत्त्यांच्या प्रश्नात 'पी बदलतो' आणि जोड्यांत 'पी तोच' असं कसं? दोन्हीकडे एकदा वापरलेली गोष्ट पुन्हा वापरता येत नाही. एकाच कारणाला दोन नावं दिल्यासारखं वाटतंय. पहिलं पान बदाम निघालं तर दुसऱ्याला १२/५१, नाहीतर १३/५१. पी बदलला की! सगळी पुस्तकं हेच सांगतात.

जुना_खडू

बरोबर दुखरी जागा दाबलीत. पुस्तकं तसं सांगतात आणि उत्तरही बरोबर येतं, पण कारण मला कधीच पटलेलं नाही.

असं करा. पत्ते पिसा, वरची पाच पाने पालथी ओळीत मांडा, एकही उघडू नका. आता तिसऱ्या पानावर बोट ठेवा. ते बदाम असण्याची संभाव्यता? १३/५२, म्हणजे १/४. पाचव्यावर ठेवा. तरीही १/४. पत्त्यांना आपला नंबर कितवा हे ठाऊक नसतं. दुसऱ्या पानाचा हिशेब कागदावर केलात तरी १/४ × १२/५१ आणि ३/४ × १३/५१ यांची बेरीज १/४ च येते.

पी बदलत नाही. पहिलं पान उघडून पाहिल्यावर दुसऱ्याबद्दलची आपली अपेक्षा बदलते, आणि ज्या खेपा स्वतंत्र नसतात त्यांचं लक्षणच ते. तुटलेली अट चौथी आहे, तिसरी नव्हे. जोड्यांतही तेच. तुम्ही म्हणता तसं कारण खरोखर एकच आहे; पुस्तकाने त्याला दोन नावं दिली.

उलटतपासणी

ही पालथ्या पानांची युक्ती आधी कोणी सांगितली असती तर! मान्य. माझा वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, इतरांना उपयोग होईल.

पण हा शब्दच्छल नाही ना? तिसरी अट तुटली म्हणा की चौथी, उत्तर 'नाही'च.

जुना_खडू

शब्दच्छल नाही. तिसरी तुटली तर आकडे एका दिशेला सरकतात, चौथी तुटली तर कुठल्याही. यावर आकडेमोड यांनी लिहावं, त्यांचं रोजचं काम तेच आहे.

कोरी_पाटी

खडूकाका, पालथ्या पानांनी लख्ख उजेड पडला. दुसरं कळलेलं नव्हतंच ते!

आता एक नवीन शंका. मुळातच पी वेगवेगळे असले तर? म्हणजे १० प्रश्नांत काही सोपे, काही अवघड, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सरासरी पी काढून द्विपद लावलं तर चालेल का?

आकडेमोड

हाक आली म्हणून आलो. थोडं लांबेल.

१० प्रश्न घ्या. पाच सोपे, पी = ०.९. पाच अवघड, पी = ०.१. उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र. सरासरी पी ०.५, म्हणून बरोबर उत्तरांची सरासरी ५. आता प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप. एकेका प्रश्नाचं पी × (१ − पी) म्हणजे ०.०९, दहांचं मिळून ०.९. 'सरासरी पी' वाल्या द्विपदाचं १० × ०.५ × ०.५ = २.५. खरा पसारा द्विपदापेक्षा पुष्कळ कमी! हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. वाटतं की भिन्नता आणली तर पसारा वाढेल. पण विद्यार्थी सोपे पाच बहुधा सोडवणार, अवघड पाच बहुधा चुकवणार, उत्तर पाचाच्या आसपासच घुटमळणार. खेपा स्वतंत्र असून नुसते पी वेगळे असले तर प्रचरण नेहमी कमीच होतं, वाढत कधीच नाही. खडू सर म्हणाले ती 'एक दिशा' हीच.

आता आकडे तेच ठेवून मांडणी बदला. प्रश्न सगळे सारखे, पण निम्म्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केलाय (प्रत्येक प्रश्नाला पी ०.९) आणि निम्म्यांनी नाही (०.१). डोळे मिटून एक विद्यार्थी उचला. कुठलाही एक प्रश्न बरोबर असण्याची संभाव्यता ०.५, दहाही प्रश्नांसाठी तीच. सरासरी पुन्हा ५. प्रचरण? ०.९ अधिक १६ (९ आणि १ दोन्ही ५ पासून ४ अंतरावर, त्याचा वर्ग), म्हणजे १६.९. कारण उत्तर एकतर ९ च्या जवळ पडणार नाहीतर १ च्या, ५ जवळपास कोणालाच नाही. इथे खेपा स्वतंत्र नाहीत: पहिली चार उत्तरं बरोबर दिसली की हा अभ्यास केलेला आहे हे कळतं आणि पाचव्याबद्दलची अपेक्षा बदलते. पालथं पान उघडलं की!

०.९, २.५, १६.९. तिन्हींची सरासरी ५. म्हणून माझ्याकडे कोणी 'सरासरी पी घेऊन द्विपद लावलंय' म्हणत आलं की मी आधी प्रचरण बघतो. प्रत्यक्ष प्रचरण एन × पी × (१ − पी) पेक्षा बरंच जास्त दिसलं तर बहुधा खेपा गटागटाने एकत्र चालतायत, कमी दिसलं तर पी वेगळे आहेत किंवा परत न ठेवता उचललंय.

दोन ऐतिहासिक उदाहरणं मला फार आवडतात. वेल्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचे फासे १८९४ चे: १२ फासे एकत्र, २६,३०६ वेळा टाकले, आणि दर वेळी ५ किंवा ६ किती फाशांवर आला ते मोजलं. आदर्श फाशाला पी = १/३. पण प्रमाण निघालं ०.३३७७. इतक्या टाकांत एवढा फरकसुद्धा योगायोगाने पडणं कठीण. १/३ धरून केलेलं द्विपद आकड्यांवर बसत नाही, ०.३३७७ धरलं की छान बसतं. म्हणजे वितरण द्विपदच, फक्त फासे किंचित खोटे. सहाच्या बाजूला खड्डे सहा, त्यामुळे ती बाजू हलकी आणि वर येण्याकडे कल, असं कारण देतात. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०० मध्ये काय-वर्ग चाचणी (प्रत्यक्ष आकडे अपेक्षित आकड्यांशी जुळतात का हे तपासणारी) मांडताना हेच आकडे वापरले.

दुसरं गाइसलर या जर्मन संशोधकाचं. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या १८७६ ते १८८५ च्या जन्मनोंदींतून त्याने कुटुंबांतले मुलगे-मुली मोजले. १२ अपत्यांची कुटुंबं ६,११५. मुलग्यांचं प्रमाण ०.५१९२. द्विपद खरं असतं तर बाराही मुलगे असलेली कुटुंबं दोनाच्या आसपास हवी होती, सापडली ७. बाराही मुली असलेलं जेमतेम एखादं हवं, सापडली ३. आणि मधोमध, सहा मुलगे सहा मुली, अपेक्षेपेक्षा कमी. प्रचरण ३.०० च्या ऐवजी ३.४९. फरक छोटा, पण सहा हजार कुटुंबांत दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आपण डोळे झाकून नाण्याशी तुलना करतो ती गोष्ट नाण्यासारखी तंतोतंत नव्हती.

उलटतपासणी

थांबा थांबा. अपत्यं किती हे आधीच ठरलेलं कुठे असतं? हवं ते अपत्य झालं की थांबणारे, नाही झालं की आणखी एक बघणारे. तिथे पहिलीच अट तुटते. मग प्रचरण जास्त का, याचं उत्तर 'प्रत्येक कुटुंबाचा पी वेगळा' असं छातीठोक कसं द्यायचं?

आकडेमोड

नाहीच देता येत, आणि मी दिलेलंही नाही. बाराचीच कुटुंबं वेगळी काढली म्हणजे एन ठरला असं वरवर वाटतं, पण थांबायचं की नाही हे निकाल बघून ठरत असेल तर त्या निवडीतूनच आकडे वाकतात. पी वेगळे, थांबण्याचा नियम, किंवा दोन्ही. या तक्त्यावरून ठामपणे एवढंच म्हणता येतं की एकाच पीचं द्विपद इथे बसत नाही. मुद्दा चोख काढलात.

वाचनमात्र

मी आपला बाकावर बसून ऐकतोय, पण एक विचारतो. 'यश मिळेपर्यंत' असं दिसलं की द्विपद नाही, एवढं डोक्यात ठेवलं तर पुरे का?

जुना_खडू

साधारण पुरे. 'किती वेळा' असेल तर आशा आहे, 'कितव्या खेपेला' असेल तर भूमितीय वितरण. पण शब्दांवर फार विसंबू नका. 'जास्तीत जास्त पाच वेळा, पण यश मिळालं की थांबायचं' या प्रश्नात पाच हा आकडा लख्ख दिसतो आणि मुलं एन = ५ लिहून मोकळी होतात. तिथे यशांची संख्या ० किंवा १, दुसरं काही होऊच शकत नाही.

आकडेमोड

१० टक्क्यांचा नियम राहिला. परत न ठेवता उचललं तरी नमुना एकूण साठ्याच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर द्विपद चालवून घेतात. ठीक आहे, पण पाटीताईंचा दुसरा प्रश्न बघा: ५२ पैकी ५ म्हणजे ९.६ टक्के, नियमात बसतं! प्रचरण द्विपदाने ०.९४, खरं ०.८६. चालण्यासारखं. पण पाचही पाने बदाम असण्याची संभाव्यता द्विपदाने ०.०००९७७, खरी ०.०००४९५. जवळजवळ निम्मी. मधल्या भागापुरता नियम बरा, टोकाच्या घटनांना लावू नये.

आकडेमोड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

तिरपी_रेघ

उशिरा आले. सगळे 'दिसतं द्विपद पण नाही' असेच नमुने देतायत. एक उलटा देते.

नाणं लागोपाठ उडवायचं, समजा तीन वेळा. निकाल ओळीत लिहायचे आणि 'पालट' मोजायचे: छाप्यानंतर काटा किंवा काट्यानंतर छापा आला की एक पालट. तीन उडव्यांत पालट होण्याच्या जागा दोन. शेजारच्या दोन जागा मधली उडवणी वाटून घेतात, म्हणजे एकीचा दुसरीशी संबंध उघड दिसतोय. पालटांची संख्या द्विपद आहे का?

कोरी_पाटी

मी प्रयत्न करते. मधलं नाणं दोन्हीकडे मोजलं जातंय, म्हणजे स्वतंत्र नाहीत. उत्तर: नाही.

(पाच मिनिटांनी) संपादन: आठही ओळी लिहून पाहिल्या. शून्य पालट २, एक पालट ४, दोन पालट २. हे तर एन = २, पी = १/२ चं द्विपद आहे, तंतोतंत! असं कसं?

तिरपी_रेघ

कारण नाणं समतोल आहे. मागे काहीही आलेलं असो, पुढचं नाणं त्याच्याहून वेगळं पडण्याची संभाव्यता १/२ च. पहिल्या जागी पालट झाला हे कळलं तरी दुसऱ्या जागेबद्दल नवीन काही कळत नाही. साहित्य सामायिक असणं वेगळं आणि माहिती गळणं वेगळं. तपासायची ती दुसरी गोष्ट.

पालटांऐवजी 'लागोपाठ दोन छापे' मोजले असते तर? जागा त्याच दोन, प्रत्येकीचा पी १/४. पण आठ ओळींत शून्य वेळा ५, एकदा २, दोनदा १. द्विपदाने शून्याला ९/१६ हवं, मिळतंय १०/१६. नाणं तेच, ओळी त्याच, तरी हे द्विपद नाही. पहिल्या जागी 'छापा छापा' झालं म्हणजे मधलं नाणं छापा आहे हे फुटलं, आणि दुसऱ्या जागेचं अर्धं काम झालं.

उलटतपासणी

आणि नाणं समतोल नसेल तर पालटांचं काय? उत्तर सांगू नका, करतो.

(थोड्या वेळाने) छाप्याची संभाव्यता पी, काट्याची क्यू. एका जागी पालट: २ × पी × क्यू. दोन्ही जागी पालट म्हणजे छापा-काटा-छापा किंवा काटा-छापा-काटा: पी × क्यू × (पी + क्यू), म्हणजे नुसतं पी × क्यू. स्वतंत्र असते तर ४ × पी² × क्यू² यायला हवं होतं. दोन्ही सारखे व्हायचे तर पी × क्यू = १/४, म्हणजे पी = १/२ च. नाणं किंचितही कललेलं असेल तर द्विपद गेलं.

म्हणजे वेल्डनच्या फाशांसारखं खोटं नाणं असेल तर छापे द्विपद राहतात, पण पालट राहत नाहीत?

तिरपी_रेघ

हो. छाप्यांना नाणं खोटं असल्याने काही बिघडत नाही, पी नवा धरला की झालं. पालटांचं सगळं त्या अर्ध्यावर उभं आहे.

कोरी_पाटी

चार उडव्या आणि पी = ०.९ घेऊन सोळा ओळी मांडायला बसलेय. चुकलं तर इथेच येऊन रडेन.